नकोचा निरोप

"काय म्हणाले मुलाकडचे, काकू? त्यांच्याच शब्दांत सांगा," कावेरीनं चपला काढता काढता विचारलं. नंजनगूडच्या कारखान्यातल्या ऑफिसातून ती नुकतीच गाडीनं परतली होती.

कुसुमबाई खुशीतच होत्या. स्थळं जुळवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि गोड निरोप पुन्हा सांगायला कुणाला नको असतो? मुलाच्या आईनं, जयलक्ष्मीपुरमच्या नागरत्नाबाईंनी, निम्मं इंग्रजीतच सांगितलं होतं. मुलगी व्हेरी स्वीट आहे. किती सिंपल. आमची थोरली सून जरा जास्त आउटगोइंग, एवढंच, पण कावेरी इज अ जेम.

"एक वाईट शब्द नाही बघ. बाबाला सांगून पण झालं."

कावेरी खाली बसली. "काकू, ते नाही म्हणाले."

तिच्या ऑफिसातले साहेब असंच बोलतात, तिनं समजावलं. माणूस नकोसा झाला की त्याला नावं ठेवत नाहीत. आधी भरपूर कौतुक करतात, मग दुसऱ्या कुणाला त्याच्या शेजारी उभं करून तो जरा बरा म्हणतात, आणि गप्प बसतात. पुढचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं.

कुसुमबाईंचा चेहरा उतरला. नकार काय त्यांनी कमी गुंडाळून पोचवले होते? पत्रिका जुळत नाही म्हटलं की भागायचं. दोष ग्रहांचा, पोरीच्या अंगाला काही लागत नसे. या खेपेला मात्र पत्रिका आधीच जुळवली होती, आणि तीही त्यांनीच.

खरी पंचाईत रंगरावांची होती. कावेरीच्या वडिलांचं मंडी मोहल्ल्यात शिंप्याचं दुकान. होकार आला की सासऱ्यानं स्वतःच्या हातानं जावयाचा कोट शिवायचा, अशी त्यांच्या घरची रीत. बघण्याच्या दिवशीच त्यांनी मुलाचं माप नजरेनं घेऊन ठेवलं होतं. निरोप कळल्यावर जपून ठेवलेलं काळं कापड त्यांनी कपाटातून बाहेर काढलं होतं.

"तुम्हीच सांगा बाबांना. माझ्यानं नाही होणार," कावेरी म्हणाली.

सुम्मने, उगीच आपणच कशाला अर्थ काढायचा, उद्या विचारून येते, म्हणत कुसुमबाई उठल्या.

सकाळी नागरत्नाबाईंनी त्यांना सोफ्यावर बसवलं आणि पुन्हा कावेरीचं कौतुक सुरू केलं. आता तर तिचे केसही त्यात आले. कुसुमबाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं.

"बाई, बेड असलं तर तुमच्या कन्नडात सरळ बेड म्हणा. नको तर नको. मी राग मानत नाही. तिकडे बाप कात्री घेऊन बसलाय."

नागरत्नाबाईंचं हसू जागचं हललं नाही. "छे, असं कसं म्हणायचं कुणाला? वी आर व्हेरी फाँड ऑफ हर," म्हणत त्या कॉफी आणायला आत गेल्या. कुसुमबाईंना संताप आला. शिवी दिली असती तर परवडली असती. कॉफी यायच्या आत त्या चपला घालून बाहेर पडल्या.

बसमध्ये त्यांनी रंगरावांसाठी दोन-तीन कारणं जुळवून पाहिली. मुलगा परदेशी चाललाय. घरात कुणाचं तरी आजारपण निघालं. दुकानाची पायरी चढेपर्यंत त्यातलं एकही त्यांना धड वाटेना.

कापड कापून झालं होतं. पाठ, पुढा, बाह्या टेबलावर वेगवेगळ्या मांडून रंगराव खडूनं खुणा करत होते.

"या अक्का. गुंड्या दोन ठेवू का तीन? आजकालच्या पोरांना काय आवडतं कोण जाणे."

"नको म्हणाले, रंगराव."

असं कुणीच म्हणालं नव्हतं. न गुंडाळता दिलेला कुसुमबाईंच्या आयुष्यातला हा पहिला नकार, आणि तोही त्यांनी स्वतःच घडवलेला.

रंगरावांनी खडू खाली ठेवला. "कावेरीला ठाऊक आहे?"

"तिला आधी कळलं. तिनंच मला सांगितलं."

रंगराव तळहातानं कापडावरच्या खुणा पुसू लागले. खुणा गेल्या. कापलेले तुकडे त्यांनी एकावर एक नीट रचले आणि सुतळीनं बांधले.

"सरळ सांगितलंत, बरं केलंत अक्का," ते म्हणाले. "नाहीतर मी बाह्या पण बसवल्या असत्या."

गठ्ठा वरच्या फळीवर ठेवून त्यांनी कॉफी मागवू का विचारलं. मागवा म्हणून कुसुमबाई स्टुलावर बसल्या.