अठ्ठ्याहत्तरची बोली

माझ्या दुकानात येणारा जो तो एकच विचारतो, प्रोसेसर सगळ्यात थंड कशानं राहील? तेवीस वर्षं मी तेच विकत आलोय. ऑर्विल स्टेनरूडलाही तेच विकलं आणि तोंडावर पडलो.

ऑर्विल आमच्या ॲबरडीनच्या गुरांच्या बाजारातला लिलाववाला. चाळीस वर्षं त्याच्याच बोलीवर इथल्या गाई विकल्या गेल्या. त्यानं आपला कॉम्प्युटर आणून काउंटरवर ठेवला. म्हणाला, "काम करता करता बंद पडतो."

मी चालू करून तापमान पाहिलं. पंच्याण्णव.

"मग काय झालं? जुलैत माझ्या गोठ्यात याहून जास्त असतं. गाई तक्रार करत नाहीत."

"तुमच्या गोठ्यातलं फॅरनहाइट. हे सेल्सिअस आहे, ऑर्विल. शंभरला पाणी उकळतं."

"मग तसं बोल की लेका."

मी त्याला पाण्यावर चालणारा कूलर बसवून दिला, तीन पंख्यांचा. पारा अठ्ठावन्नवर आला. मी खूश.

तिसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा दारात. "हा काढ. दुसरा दे."

"एकदा बसवलेला माल परत घेत नाही. पाटी वाचा. थंड झाला ना?"

"झाला. पण घुमतो."

"घुमू दे की. तुम्हाला काय त्याच्या उशाला झोपायचंय?"

ऑर्विलनं टोपी काढून काउंटरवर ठेवली. टोला आला आणि त्यानं तो परतवला नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. मग तो सावकाश म्हणाला, "पुढच्या गुरुवारी माझं स्वरयंत्र काढणार आहेत. कॅन्सर. त्याआधी सोळाशे वाक्यं बोलून भरायची, म्हणजे फोन माझ्या आवाजात बोलेल. पण दर वाक्याला ते यंत्र म्हणतं, मागे गोंगाट आहे, पुन्हा बोला. दोन दिवसांत चाळीस झालीत. बायकोला, डोरीनला, माझाच आवाज हवाय."

माझ्या जिभेला हाड नाही असं बायको म्हणते, ते खोटं नाही. कॉम्प्युटरवर तुम्ही करता काय, एवढं पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. पाटी गेली खड्ड्यात. मी तो कूलर उपसून काढला आणि पत्र्यांच्या चळतीचा मोठा कूलर बसवला, एकच रुंद पंखा असलेला. पंखा कमी करत गेलो, कान लावून ऐकत गेलो. काही ऐकू येईना तेव्हा थांबलो.

अठ्ठ्याहत्तर.

माझ्या दुकानातून अठ्ठ्याहत्तरवर आजवर काही बाहेर गेलं नव्हतं. पंखा थोडा वाढवला असता तर सत्तर झाले असते. हात शिवशिवत होते.

"चालेल त्याला?" ऑर्विलनं विचारलं.

"त्याला चालतं. मला चालत नाही."

"मग तू बघू नकोस."

महिन्यानं तो आला. गळ्याला पट्टी, बरोबर त्याची बायको डोरीन. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्यानं फोनवर काहीतरी लिहिलं, फोन काउंटरवर ठेवला, आणि बाजारातला तोच खणखणीत आवाज दुकानभर झाला.

"अठ्ठ्याहत्तर एक वार. अठ्ठ्याहत्तर दोन वार."

सगळे वळून बघायला लागले. ऑर्विल भुवया उंचावून माझ्याकडे बघत राहिला.

"तिसरं तुम्ही म्हणून टाका," डोरीन म्हणाली. "नाहीतर दिवसभर हेच लावून बसतील."

मी म्हणायला तोंड उघडलं, पण माझाच आवाज फुटेना.