पाहुण्यांचं पाणी

बाटलीकाकांना हे नाव त्यांच्या बायकोनंच दिलं होतं. शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे शेकत बसतात. हे मात्र दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रिकाम्या बाटल्यांची पिशवी अडकवून बाहेर पडत. "झाकून न्या हो," ती म्हणे, "लोक भलतंच समजतील."

काम बिनपगारी, म्हणूनच बहुधा इतकं नेमानं होई. वस्तीच्या टेकडीवरच्या विहिरीचं पाणी, तळाशी तपासणीचं औषध टाकलेल्या बाटलीत भरायचं आणि घरी फळीवर ठेवायचं. पाणी खराब असेल तर दोन दिवसांत काळं पडतं. पडलं, की वस्तीला नळ मंजूर. आधीच्या दोन्ही खेपांना मात्र ते नितळच राहिलं होतं. आजचं तिसऱ्या खेपेचं पाणीही तसंच राहिलं, तर कचेरी फाइल बंद करणार होती. आणि इकडे वस्तीतल्या पोरांची पोटं बिघडायची काही केल्या थांबत नव्हती.

काकांच्या गुडघ्यांचं आणि चढाचं वाकडं होतं. म्हणून ते पायथ्याच्या पहिल्याच घरी ओट्यावर टेकत आणि तिथली सून बाटली घेऊन आत जाई, मागच्या दारानं विहिरीवर. निदान काकांचा तसा समज होता. पोरगी इतक्या झटकन परत येई, की काकांना तिच्या पायांचं कौतुक वाटे.

आज तिनं आधी पाण्याचा पेला आणून दिला. तिची चार वर्षांची लेक आजीच्या मांडीवर मलूल पडली होती. पेला दिसताच तिनं हात पुढे केला.

"नको गं बाळा, ते पाहुण्यांचं," आजी म्हणाली. "उकळलेलं आहे."

काकांचा पेला ओठांशीच थांबला. "मग ही कुठलं पिते?"

"विहिरीचं. सगळ्यांसाठी उकळायला सरपण कुठून आणायचं? तुम्ही येता तेव्हा तुमच्यापुरतं उकळते सूनबाई."

काकांनी सुनेकडे पाहिलं. "आणि माझी बाटली?"

"त्याच पातेल्यातून भरते की," ती म्हणाली. "चार शिकलेली माणसं बघणार. तसंच कसं द्यायचं? वस्तीची अब्रू आहे, काका."

काकांना हसू येईना आणि रागावताही येईना. रागवायचं कुणावर? गुडघे त्यांचे, आळसही त्यांचाच. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. ते उठले आणि चार ठिकाणी थांबत, कण्हत-कुंथत विहिरीवर पोचले. बाटली त्यांनी स्वतःच्या हातानं भरली.

मंगळवारी ती शाईसारखी काळी झाली. काकांनी ती तशीच नेऊन कचेरीतल्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी खुर्ची जरा मागे सरकवली आणि नळाच्या कागदावर सही केली.

नळ यायला अजून दोन महिने होते. पुढच्याच रविवारी काका वस्तीत आले ते खांद्यावर सरपणाची मोळी आणि पिशवीत ती काळी बाटली घेऊन. सुनेनं काळी बाटली हातात घेतली आणि तिचे डोळे भरून आले. "हे मी पाजत होते तिला?"

"तुझी नाही, माझी चूक," काका म्हणाले. "मी चढायला हवं होतं."

चुलीवर मोठं पातेलं चढलं. पाणी उकळलं, निवलं, आणि काकांनी पहिला पेला छोटीच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, पण प्यायली नाही. आजीकडे बघून तिनं हळूच विचारलं, "आज मी पाहुणी आहे?"