शकुबाईची डावी गाठ

शकुबाईच्या जाळ्याला अटक झाली ते सन पंचावन्न. गंमत बघा, जाळं चोरणारा नथ्थू जामिनावर मोकळा फिरत होता आणि जाळं मात्र मुद्देमाल म्हणून लाखेचं सील लावून ठाण्यात डांबलेलं! सावली गावाकडच्या तलावात मासोळी उड्या मारत होती, आणि ही ढिवराची बाई रिकाम्या हातानं पाळीवर बसून नथ्थूच्या नावानं बोटं मोडत होती. पाच वेळा ती पायपीट करत तालुक्याच्या कोर्टात गेली. पाचही वेळा इसरू पट्टेवाल्यानं तिला व्हरांड्यात बसवलं आणि उन्हं कलली की सांगितलं, "साहेब कामात हायेत, बाई. पुढची तारीख."

सहाव्या खेपेला एकदाचं नाव पुकारलं. नथ्थू छाती काढून म्हणाला, "जाळं माह्या हातचं हाय, साहेब."

"तुह्या हातचं?" शकुबाई उसळलीच. "साहेब, माही सासू मनकर्णा डावखोरी होती. तिनंच मले जाळं विनाले शिकवलं, तं माही गाठ डावीच पडते. थोडं फाडा जाळं, अन् दोघायले सांधाले लावा!"

आता हे कायद्याच्या कोणत्या पुस्तकात बसतं? पण मॅजिस्ट्रेटसाहेब तरुण होते, त्यांना मौज वाटली. सील तोडलं, जाळं उलगडलं आणि कोर्टात एकच तारांबळ उडाली. वकिलाच्या कोटाची बटणं अडकली, शिरस्तेदाराची टोपी जाळ्यात गेली, आणि सोडवायला धावलेला इसरू पाय गुंतून सपशेल आडवा झाला. नथ्थूनं घामाघूम होऊन गाठ मारली, ती उजवी पडली. शकुबाईनं न बघता मारली, ती जाळ्यातल्या बाकी गाठींची सख्खी बहीण! नथ्थूनं मुकाट्यानं गुन्हा कबूल केला. साहेब पोट धरून हसले आणि जाळं तिच्या हवाली करा म्हणाले. शकुबाईला आनंद मावेना. शिरस्तेदाराला खटल्याच्या कागदांचा बस्ता धड बांधता येईना, तर तिनंच लाल फीत ओढून घेतली आणि करकचून गाठ मारून दिली.

चौथ्या दिवशी इसरू तलावावर हजर. त्याला बघताच तिनं जाळं पाठीमागं ओढलं.

"जाळं न्याले आला का रे?"

"नाई बाई. साहेब हासता हासता निकालावर सही कराले इसरले. अन् बस्त्याची तुमची गाठ कोनाच्यानं सुटून नाई राह्यली. सरकारी फीत कापाची तं वरून मंजुरी लागते. चला ना कोर्टात."

"अन् सही नाई झाली तं?"

"तं जाळं कागदावर सरकारचंच."

शकुबाईनं जाळं छातीशी घट्ट धरलं. पुन्हा ती पायपीट, पुन्हा तो व्हरांडा! मग तिच्या ध्यानात आलं की गाठ तर आपलीच आहे, आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. तिनं झोकात जाळं पाण्यावर फेकलं.

"मी आता कामात हावो," ती म्हणाली. "पुढची तारीख सोमवार. साहेबाले सांग, बस्ता अन् दौत-टाक घेऊन इथीच या."

इसरू डोकं खाजवत उभाच राहिला. "किती वाजता, बाई?"

"सकायीच या. अन् नाव पुकारेपर्यंत त्या मोहाच्या झाडाखाली बसा."