गाडीत बोलायचं नाही

श्रीनाथने पुण्यात वर्षानुवर्षं गाडी हाकली होती, आणि सिडनीच्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तो दोनदा नापास झाला होता. त्यामुळे चाळिशीत त्याच्या गाडीला शिकाऊ चालकाची पिवळी एल-प्लेट लागली आणि शेजारी लायसनवाल्या बायकोला बसवणं कायद्याने भाग पडलं. त्याची अट एकच: मधुवंतीने बसायचं, बोलायचं नाही. तीही ‘मौनं सर्वार्थसाधनम्’ म्हणत गप्प बसायची. घरात शांतता हवी तर एवढं करावंच लागतं, बाई!

त्या शनिवारी दुपारी तर तिला बोलायची शुद्धच नव्हती. तिच्या डोक्यावर भगवा फेटा, डिकीत तिचा ढोल आणि पॅरामॅटाला विसर्जन मिरवणूक. पथकात पहिल्यांदाच पुढच्या रांगेत वाजवायचं, आणि कॅसल हिलहून निघायलाच उशीर झालेला. सिग्नलला शेजारी एक यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, येऊन थांबली. आतल्या दाढीवाल्याने एल-प्लेट बघून हसत इंजिन घुरघुरवलं. झालं, श्रीनाथमधला पुणेकर जागा झाला.

दिवा हिरवा होताच गाडी सुसाट सुटली. यूट मागे, झाडं मागे, सत्तरच्या रस्त्यावर काटा नव्वदीपार. मधुवंतीला तो काटा स्वच्छ दिसत होता. एक शब्द पुरला असता. पण तिची बोटं मांडीवर ठेका धरत होती आणि छाती आनंदाने नुसती धडधडत होती. किती वर्षांनी इतकी मजा येत होती!

मग मागे निळे-लाल दिवे लागले.

पोलीसबाई खिडकीशी वाकली. फेट्याकडे क्षणभर बघत राहिली, मग तिने मधुवंतीचंही लायसन मागितलं. शिकाऊ चालकाला आवरणं हे शेजारच्याचं काम. आवरता येत असून आवरलं नाही, तर गुन्ह्यात तोही भागीदार. प्रकरण कोर्टात गेलं तर लायसन जाऊ शकतं, असं तिने शांतपणे सांगितलं. घरोघरी गाडीने जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायची ही मधुवंतीची नोकरी, आणि घर तिच्याच पगारावर चाललेलं.

“याला थांबवायला तुम्ही काही केलंत?” पोलीसबाईने विचारलं.

श्रीनाथच घाईघाईने मध्ये पडला. ही सारखी ‘हळू चालव’ म्हणत होती, मीच ऐकलं नाही, असं त्याने इंग्रजीत ठोकून दिलं. मग मराठीत हळूच म्हणाला, “फक्त मान हलव. बोलू नकोस.”

बिचारा तिला वाचवायलाच बघत होता. मान हलवली की सुटका. पण आधी शेजारी बसून वेग बघितला, आता शेजारी बसून खोटं बघायचं? फेट्याखाली मधुवंतीचे कान तापले.

“नाही,” ती म्हणाली. “मला काटा दिसत होता. मी काहीच बोलले नाही. मला मजा येत होती.”

पोलीसबाईने दोघांच्याही नावे पावती फाडली. कोर्ट टळलं, पण मधुवंतीच्या लायसनचे पॉइंट्स इतके कापले गेले की पुढच्या एका चुकीला लायसन जाणार आणि नोकरीवर पाणी. तिकडे पथकाच्या मेसेजांनी फोन थरथरत होता. मिरवणूक अजून निघायची होती. श्रीनाथने गाडी सुरू केली.

“इंडिकेटर,” मधुवंती म्हणाली. “आरशात बघ. आणि मी सांगेन तेवढाच वेग.”

श्रीनाथने मुकाट्याने इंडिकेटर दिला.