दुभाष्याची खुर्ची

पर्समध्ये पेन शोधताना हाताला लागला तो कपडे वाळत घालायचा चिमटा, निळा, एका टोकाला दातांच्या खुणा असलेला, आणि तिला वाटलं, चला, लेकीने आणून तरी दिलाय. साडेतीन वर्षांची लेक सकाळभर खिडकीच्या कठड्यावर चिमट्यांची ओळ लावते, रंग चुकला की सगळी मोडून पुन्हा. त्यातला एक आईच्या पर्समध्ये टाकावा असं लेकीला वाटलं, म्हणजे... म्हणजे काहीतरी नक्कीच. की पर्स कठड्यावर होती आणि ओळ तिथपर्यंत पोचली, एवढंच?

चार वाजता लेकीला दाखवायचं होतं – याच दवाखान्यात, याच डॉक्टरीणबाईंना. सासूबाईंना न सांगता तिने वेळ घेतली होती. एरवी या खोलीत ती दुभाष्याच्या खुर्चीत बसते, पालक आणि डॉक्टर यांच्या मध्ये, जरा मागे सरकवलेल्या. सहा वर्षं तिचं हेच काम: आपल्या माणसांचं बोलणं इथल्या भाषेत सांगायचं, इथल्यांचं आपल्या भाषेत.

घरी कोणाला काळजी नव्हती. सासूबाई नातीला महाराणी म्हणत. "हाका मारून घसा कोरडा पडला तरी महाराणी मर्जी असेल तरच वळणार," असं शेजारणीला कौतुकाने सांगत, आणि वर, "पण त्रास म्हणून नाही हो. तासन्‌तास एका जागी. गुणी पोर." पाळणाघरातल्या बाई तर तिची समजूतच घालत होत्या – घरात एक भाषा, बाहेर दुसरी, अशी मुलं उशिराच बोलतात, शिवाय तुमच्याकडच्या मुली शांतच असतात, नाही का? आणि ती हसून हो म्हणाली होती. किती पटकन हो म्हणाली होती.

अकराच्या सुमाराला ओळखीच्या एक शिंपीणबाई आपल्या लेकीला घेऊन आत आल्या.

दोन वर्षांपूर्वी त्या इथेच बसल्या होत्या. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. काही हवं असेल तर कसं सांगते, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि शिंपीणबाई मान खाली घालून म्हणाल्या, "सांगत नाही. माझा हात धरते अन् नेऊन दाराच्या कडीवर ठेवते. तोंडाकडे बघत पण नाही. मी कात्री असल्यासारखी." आणि तिने... नाही, मीच, दुसरं कोण होतं तिथे... मी इथल्या भाषेत सांगितलं, आईचा हात धरून मदत मागते. खोटं नव्हतं ते. तोंडाकडे न बघणं आणि कात्री तेवढी गाळली. आपल्या बाईने परक्यांसमोर घरातलं असं उघडं करावं याची लाज मला वाटली, तिला नाही. डॉक्टरीणबाई हसल्या, कागदावर खूण केली, आणि मायलेकी घरी गेल्या.

आज मुलीला शाळेने पाठवलं होतं. शिंपीणबाई तिच्याकडे बघून ओळखीचं हसल्या. "ताई, त्या दिवशी तुम्ही बोललात अन् डॉक्टर हसल्या, तेव्हा मला केवढा धीर आला. म्हटलं, माझ्याच मनाचे खेळ."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, शिंपीणबाईंनी तेच उत्तर दिलं, आणि या वेळी तिने शब्दन्‌शब्द सांगितला, कात्रीसकट. डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

"हे त्यांनी आधी का नाही सांगितलं?"

तिने ते शिंपीणबाईंना विचारलं. कामच होतं ते.

"सांगितलं होतं की," शिंपीणबाई गोंधळून म्हणाल्या.

दोघी तिच्याकडे बघत राहिल्या. "त्यांनी सांगितलं होतं," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मी सांगितलं नाही." मग तेच वाक्य आपल्या भाषेत सांगायला तिला फार वेळ लागला.

शिंपीणबाईंनी लेकीचा हात जवळ घेतला. "दोन वर्षं," एवढंच म्हणाल्या. तिने तेही डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

चार वाजता ती आईच्या खुर्चीत बसली. पाळणाघरातून आणलेली लेक तिच्या पायाशी, जमिनीवरच्या फरशीची रेघ बोटाने गिरवत. डॉक्टरीणबाईंनी सकाळचा विषय काढला नाही. हलक्या आवाजात विचारलं, "ती तुम्हाला एखादी वस्तू आणून दाखवते का?"

चिमटा मुठीत होता. उत्तर तर जिभेवर तयार – हो, आज सकाळीच, हे बघा. इथल्या भाषेत तिला कुठलीही गोष्ट गोड करून सांगता येत होती, सहा वर्षांत हात इतका बसला होता, की आपण गोड करतोय हेही आता कळत नसे.

"मला दुभाषी हवाय," ती म्हणाली.

"तुम्हाला?"

"हो. दुसरं कोणीतरी. मी आमच्या भाषेत बोलेन. त्यांनी मी म्हणेन तसंच सांगायचं."

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. मधली खुर्ची रिकामी होती. पहिलं वाक्य तिने मनात जुळवून पाहिलं... माझी लेक मला... आणि पुढे काय, ते तिला खरंच माहीत नव्हतं. आजवर कधी नीट बघितलंच नव्हतं. तेवढ्यात लेक उठली. तिने आईची मूठ एकेक बोट करून उघडली, चिमटा घेतला आणि फरशीच्या रेघेवर नेऊन ठेवला. तोंडाकडे बघितलं नाही.

हे सांगायचं, ती स्वतःला म्हणाली. बोटं किती हळू उघडली, तेही सांगायचं. बाहेर कोणाची तरी पावलं वाजली, आणि आपल्याच लेकीकडे बघायची इतकी भीती वाटत असूनही तिने नजर काढली नाही.