मागायची सवय

आमच्या घरात कुणाला काही मागावं लागत नाही. हा बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, अभिमान. शिलाईच्या दुकानात गिऱ्हाईक दारात दिसलं की बाबाच आधी म्हणणार, "कंबर सैल करून हवीय ना? द्या इकडे." गिऱ्हाईक खूश. दुकानात हे ठीक होतं, पण हाच गुण त्यांनी नातीवर चालवला आणि आमचं घोडं तिथेच अडलं.

नात म्हणजे माझी मुलगी. चिंध्या ओढत दुकानभर फिरते म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात. तिने बाटलीकडे नुसतं बघितलं की बाबांच्या हातात पाण्याचा पेला. नाक ओढलं की रुमाल. त्यामुळे पोरीचं घरात बोट दाखवण्यावर भागायचं आणि बाहेर ती मूग गिळून बसायची. बोलता येत नाही असं नाही. झोपताना माझ्या कानाशी इतकी बडबडते की मलाच आधी झोप लागते. परकं माणूस दिसलं की मात्र तोंडाला कुलूप.

बालवर्गाच्या बाईंनी तिला भेटायला बोलावलं, तेव्हा बाबा हट्टाने बरोबर आले.

"तुला काय आवडतं गं?" बाईंनी मुंगीला विचारलं.

"बटणं," बाबा म्हणाले.

"आणि घरी कोण कोण असतं?"

बाबांनी तेही सांगून टाकलं.

बाई हसल्या, पण मान हलवून म्हणाल्या, "रंग, आकडे आम्ही शिकवू हो. पण काही हवं असलं, कुठे दुखलं, तर ते तिला मला सांगता आलं पाहिजे. वर्गभर मुलं. प्रत्येकाच्या मनातलं मला कसं कळणार? सुट्टी संपायच्या आधी पुन्हा आणा. तेव्हाही नाही जमलं, तर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी. म्हणजे आणखी एक अख्खं वर्ष मोठ्यांच्या पायांत, मशीनखाली, एकटीने बटणांशी खेळत. सगळा राग मी रस्त्यातच बाबांवर काढला. "तळहातावरच्या फोडासारखं जपलंत. आता त्या फोडाला शाळेत कोण घेणार?" बाबा माझ्या मागून हळूहळू चालत राहिले.

घरी ठरलं की सगळ्यांनी वेड पांघरायचं. मुंगीने बोट दाखवलं तर विचारायचं, काय हवंय? नवऱ्याला जमलं, मला जमलं. बाबांचं अवघड होतं. पहिल्याच सकाळी मुंगी खाऊच्या डब्याकडे बघत उभी आणि बाबा मुंगीकडे बघत. दोघांचेही डोळे भरले. "मला काही कळत नाही गं," असं म्हणत बाबांनी डबा उघडून दिला.

"बाबा, पालथ्या घड्यावर पाणी आहे सगळं."

"अगं, न कळल्याचं सोंग मला वठत नाही. कळतं त्याला काय करू?"

तरी शिकले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. मग मुंगी "डबा" म्हणायला लागली, पुढे "डबा द्या", आणि एकदा तर, "आजोबा, तुम्हाला हल्ली फार उशिरा कळतं." पण हे सगळं घरच्यांशी. गिऱ्हाईक आलं की ती टेबलाखाली.

बाईंकडे दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा मोठ्यांनाही मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसवलं. बाईंनी नाव विचारलं, खेळ विचारला, काही हवंय का विचारलं. मुंगी फरशीकडे बघत राहिली. बाबांनी तोंडावर हात दाबून धरला होता. शाबास, मी मनात म्हटलं, पण आतून पार खचले. हे वर्ष गेलं.

मुंगीने मान वर करून बाबांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठून बाईंच्या अगदी जवळ गेली.

"आजोबांना मोठी खुर्ची द्या," ती म्हणाली. आवाज बारीक, पण स्पष्ट. "त्यांचा गुडघा दुखतोय. ते सांगत नाहीत."

बाई चटकन उठल्या आणि स्वतःची खुर्ची पुढे ओढली. "सोमवारपासून पाठवा हिला," मला म्हणाल्या. मग बाबांकडे वळल्या. "खरंच दुखतोय का हो?"

"छे छे" बाबांच्या ओठांवर आलंच होतं. मुंगी समोर उभी राहून वाट बघत होती.

"हो," बाबा म्हणाले. "फार दुखतो. बरेच दिवस झाले."