साडेतीन मुहूर्तांतला माझा दिवस

दचकू नका, पेंढ्याच्या ढिगामागून बोलतोय तो मीच. मोडक्या पेट्या शोधायला आलात आणि पत्र्याचं हे मळकं कपाट कुणी इथे टाकलं असा प्रश्न पडला असेल तुम्हाला. कपाट नव्हे हो. रत्नागिरीच्या एका आंबा बागायतदार संघाचा मी मोठा संगणक. एके काळी माझ्या खोलीत शिरताना माणसं चपला बाहेर काढत. आता माझ्या पोटात उंदरांनी संसार थाटलाय. त्यांचा मला राग नाही. इतक्या वर्षांत आपणहून माझ्याकडे राहायला आलेले तेवढेच.

मी आलो त्याच्या आधी एक आवई उठली होती. सन दोन हजार उजाडलं की जगातले सगळे संगणक वेडे होणार म्हणे. जग काही बुडालं नाही, पण त्या भीतीच्या निमित्ताने संघाच्या सभेत ठराव झाला: रत्नागिरी, देवरूख, खेड, तिन्हीकडचा कारभार एका संगणकावर आणायचा. बागायतदाराचा आंबा आला की पावती, पेटी भरली की नोंद, वाशीच्या बाजाराला गाडी निघाली की गेटपास, सगळं माझ्यातून. गेटपास नसेल तर फाटक उघडायचं नाही, असा नियमच केला.

हे स्वप्न राजाभाऊंचं. ते संघाचे व्यवस्थापक. वाशीला दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात आणि आंबा पिकवणारा बाहेर ताटकळत बसतो, हे त्यांना उभ्या आयुष्यात कधी पटलं नाही. गावोगाव हिंडून, ओटीवर मांडी ठोकून त्यांनी एकेक बागायतदार संघाकडे वळवला होता. देवरूखकडचे रावजी हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र. ते सगळ्यात उशिरा वळले, पण वळले. राजाभाऊंची पुतणी उमा पुण्यात संगणक शिकली होती. मुंबईची नोकरी सोडून ती या कामासाठी परत आली. पोरं गाव सोडतात, माझी पुतणी परत आली, हे राजाभाऊ भेटेल त्याला सांगत. माझ्यावर धूळ बसू नये म्हणून उमा रोज मऊ फडक्याने मला पुसायची. तेवढं प्रेम मला पुन्हा मिळालं नाही.

संघाच्या बैठका माझ्याच खोलीत भरत, कारण इमारतीत थंड हवा तेवढीच. माणसांची एक खोड मी तिथे पाहिली. मी येईपर्यंत त्यांना पावती आणि गेटपास एवढंच हवं होतं. मी आल्यावर एकाला खताचं दुकान माझ्यात घालायचं सुचलं, दुसऱ्याला कॅनिंगचा कारखाना, तिसऱ्याला कर्जं. "एवढा आणलाच आहे तर हेही होऊ दे," असं म्हणून जो तो आपलं गाठोडं माझ्या डोक्यावर ठेवी. एक ना धड, भाराभर चिंध्या. मला बसवणाऱ्या मुंबईच्या कंपनीचा भावेश हा गोड स्वभावाचा माणूस. कुणी काही मागितलं की तो म्हणे, "होईल." आणि कुठवर आलं असं विचारलं की, "होत आलंय."

होत आलंय. या दोन शब्दांत कोकणातलं आणि कंपनीतलंही केवढं न झालेलं काम मावतं, हे मला तेव्हा कळलं. पुतणीपासून अध्यक्षांपर्यंत जाताना 'झालेलं नाही' याचं 'थोडं राहिलंय' होई, आणि पुढच्या खुर्चीत त्याचं 'होत आलंय' होई. खोटं कुणीच बोलत नव्हतं. फक्त वाईट बातमी द्यायला कुणाची जीभ उचलत नव्हती.

उमाला मात्र माझी नाडी कळत होती. देवरूखची फोनलाइन दिवसातून कितीदा तरी तुटायची. माझ्यात एक पेटी म्हणजे चार डझन असंच बसवलेलं होतं. फळ लहान असलं तर पेटीत पाच डझन बसतात, सहाही बसतात. तसली पेटी आली की मी नुसता अडून बसे.

चैत्र सरत आला तेव्हा ती राजाभाऊंना म्हणाली, "काका, यंदा नको. हंगामात जुनी पावती चालू राहू दे, शेजारी हा चालवून बघू. चुका निघतील त्या पावसात दुरुस्त करू."

"मला पटतंय गो," राजाभाऊ म्हणाले, "पण आप्पांना कोण सांगणार?"

आप्पा म्हणजे संघाचे अध्यक्ष, जुने बागायतदार, शब्दाला वजन असलेले. त्यांनी दिवस ठरवून टाकला होता: अक्षय तृतीया. साडेतीन मुहूर्तांतला एक, त्या दिवशी सुरू केलं ते अक्षय टिकतं. आंब्याचा हंगामही नेमका तेव्हाच भरात असतो, याचा विचार कुणी केला नाही. उलट आप्पांनी हुकूम दिला की त्या दिवसापासून जुनी पावतीपुस्तकं कपाटात बंद. एका घरात दोन चुली नकोत, शुभ दिवशी तर नकोतच.

शेवटच्या बैठकीत उमा उभी राहिली. तिचा आवाज कापत होता. "आप्पा, हे अजून तयार नाही. त्या दिवशी गाड्या अडकल्या तर..."

राजाभाऊंनी आप्पांच्या कपाळावरची आठी पाहिली आणि घाईने म्हणाले, "शुभ बोल नाऱ्या..." पुढचं बोलायची गरजच नव्हती. अख्खी खोली हसली. भावेशही हसला. उमा खाली बसली. मला हसता येत नाही, याचं त्या दिवशी मला बरं वाटलं.

अक्षय तृतीयेला माझ्या कपाळावर कुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. राजाभाऊंनी कळ दाबली आणि पहिला गेटपास छापून आला. टाळ्या पडल्या, पेढे फिरले. आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. ती माणसं वाईट नव्हती हो, हे मी शपथेवर सांगेन.

दुपार कलली तशा बागांतून गाड्या येऊ लागल्या. देवरूखची लाइन तुटली. खेडहून एकच नोंद पुन्हा पुन्हा येऊ लागली. पाच डझनी पेट्या पुढे आल्या आणि मी जो अडलो तो अडलोच. खाली फाटकाशी ट्रकांची रांग लागली. कोवळा, कडक आंबा ताडपत्रीखाली बंद, वर वैशाखाचं ऊन.

"काका, पुस्तकं काढा. हातानं पावत्या लिहून गाड्या सोडू," उमा म्हणाली.

राजाभाऊ आप्पांकडे गेले आणि तसेच परत आले. "म्हणतात, आजच्या दिवशी माघार नको. भावेश म्हणतो सकाळपर्यंत होईल."

सकाळपर्यंत झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राजाभाऊंनी कुणाला न विचारता स्वतःच्या हाताने कपाटाचं कुलूप काढलं, पावत्या लिहिल्या आणि फाटक उघडलं. पण तोवर पेट्यांतला आंबा उकडला होता. वाशीला पेट्या फोडल्या तेव्हा फळं काळी निघाली, आणि प्रत्येक पेटीवर आमच्या संघाचा शिक्का होता.

त्यानंतर रावजी आले. ओरडले नाहीत. माझ्या खोलीत चपला घालूनच शिरले आणि राजाभाऊंच्या समोर बसले.

"राजा, ह्ये आसा व्हनार त्ये तुला ठावं व्हता?"

राजाभाऊंनी समोरचं पावतीपुस्तक मिटलं. मग म्हणाले, "होतं."

"आंबा गेला त्याचा कायव नाय. दर वर्साला येतो. पन माज्या घरात फोन हाय. एक शब्द बोलला आसतास, रावज्या, दोन दीस काडनी थांबव, तर मी थांबलो आसतो. आंबा झाडावर व्हता रे. झाडावर थांबला आसता."

ते उठून गेले. राजाभाऊंनी हाक मारली, पण ती माझ्यापर्यंतच पोचली.

पुढे चौकशी झाली. सगळ्यांना सोयीचं असं एकच उत्तर निघालं: मशीन खराब. मी ऐकत होतो. मला तोंड असतं तर विचारलं असतं, की अहो, मी तर पहिल्या दिवसापासून अडून दाखवत होतो, तुम्हाला अजून काय सांगायला हवं होतं? पुढच्या हंगामात संघाच्या दारात मोजक्या पेट्या आल्या. बाकीचे बागायतदार दलालाच्या रुमालाखाली परत गेले. देवरूखची शाखा मिटली, मग खेडची. उमाने मला शेवटचं बंद केलं तेव्हा राजाभाऊ दारात उभे होते.

"राहा गो. दुसरं काहीतरी करू इथे."

"नको काका," ती म्हणाली. "तुम्ही ओरडला असतात तर मी राहिले असते. तुम्ही हसलात."

ती मुंबईला गेली आणि मी इथे, पेंढ्यात.

राजाभाऊ आता थकलेत. या गोदामाची किल्ली अजून त्यांच्याकडे आहे. परवा आले, एका पालथ्या पेटीवर बसले. श्वास लागला होता. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "रावजी गेला. आज दहावा. एवढ्या वर्षांत त्याच्या घरी गेलो नाही रे. आज जाईन, उद्या जाईन. माफी मागायची होती." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांना लावला आणि लहान मुलासारखे रडले. दुसरं कुणी नव्हतं म्हणून मला सांगितलं असेल. मला ते ऐकवेना, आणि कान झाकायला मला हात नाहीत.

उद्या भंगारवाला येणार आहे. माझं वय झालंच होतं, माझ्यासाठी हळहळू नका. तुमच्या कचेरीतही कधीतरी माझ्यासारखा कुणी येईल, हार घालून येईल. तेव्हा एखादी पोर कापऱ्या आवाजात 'थांबा' म्हणाली तर तिला बसू देऊ नका, बोलू द्या. आणि कुणाला वाईट काही सांगायचं राहिलं असेल तर आज उठा, त्याच्या ओटीवर जाऊन सांगा. माणूस रागावेल, भांडेल, दार लावून घेईल. पण दाराआड तो असेल तरी.